जन्म कधीही, वाढदिवस एक जानेवारीला

मराठवाड्यात एका पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस 1 जूनला येतो. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली, की त्याला 'दुष्काळाच्या वर्षी, पोळ्याच्या आगंमागं' एवढंच आठवायचं. मग मास्तर शाळा उघडण्याच्या हिशेबानं 1 जून ठोकून द्यायचे. शर्यतीच्या घोड्यांचंही तसंच आहे, फक्त तारीख 1 जानेवारी. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचं, शिंगरू 20 जानेवारीला जन्मो नाहीतर 10 मे रोजी, पुढच्या 1 जानेवारीला कागदोपत्री ते एक वर्षाचं होतं. मास्तरांच्या तारखेनं फार तर नोकरीतली दोन-चार वर्षं इकडची तिकडं व्हायची. इथं मात्र सगळा धंदा त्या तारखेभोवती फिरतो.

कारण उघड आहे. जानेवारीतलं शिंगरू आणि मेमधलं शिंगरू एकाच वयाच्या गटात धावणार. दोन वर्षांच्या जनावराच्या अंगात चार महिन्यांचा फरक म्हणजे हाडामांसाचा फरक. त्यामुळं प्रत्येक पैदासकाराला शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत हवं असतं. चुकून 28 डिसेंबरला जन्मलं तर चार दिवसांत 'एक वर्षाचं' होऊन बसतं, आणि मग जन्मभर आपल्याहून वर्षभर थोरल्या जनावरांशी धावतं. घोडी सरासरी 340 दिवसांनी विते. म्हणून घोड्या वळूला दाखवण्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो, आधी नाही.

घोडीचं शरीर मात्र इंग्लंडात ठरलेलं हे कॅलेंडर वाचत नाही. दिवस मोठा व्हायला लागला की ती माजावर येते, तिचा खरा हंगाम उन्हाळ्याकडं. माणसानं त्यावर काढलेला तोडगा अगदी साधा आहे. डिसेंबरात भाकड घोड्यांच्या तबेल्यात सूर्य मावळल्यावरही दिवे चालू ठेवायचे, उजेड आणि दिवस मिळून सोळा तास भरवायचे. दोन-अडीच महिन्यांत घोडीला वाटतं वसंत आला. अंडी वाढवण्यासाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये दिवे लावणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आमच्या मराठवाड्यातल्या वाळूजच्या एमआयडीसीतून पुण्याकडं निघालं की नेवासा फाटा, नगर, शिरूर, शिक्रापूर करत गाडी वाघोलीला पुण्याच्या गर्दीत शिरते. वाघोलीच्या दक्षिणेला, मुळा-मुठेच्या पल्याड मांजरी-हडपसरचा पट्टा. घोड्यांच्या पैदाशीसाठी नावाजलेल्या मांजरी स्टडचं नाव याच मांजरीचं. सोली पूनावाला यांनी 1946 मध्ये सुरू केलेल्या स्टड फार्मचं नातंही याच हडपसरशी. शहराच्या दुसऱ्या अंगाला तळेगावजवळ नानोली. येरवडा स्टड हे आणखी एक जुनं नाव. देशात इतरत्रही मोठे स्टड आहेत, कर्नाटकात कुणिगल आहे, पंजाब-हरयाणात आहेत. पण या धंद्याचं दप्तर पुण्यात आहे. भारतात जन्मलेल्या प्रत्येक थरोब्रेडची नोंद ठेवणारी स्टड बुक अथॉरिटी पुण्याची.

पुणंच का? एक तर छावणी. लष्कर आलं तिथं रेसकोर्स आला, पुण्याचा 1830 चा आहे. दुसरं म्हणजे मुंबईचा पैसा आणि 1883 चं महालक्ष्मी रेसकोर्स जवळ, आणि तरीही मुंबईची दमट हवा इथं नाही. घाटाच्या अलीकडं पाऊस बेताचा, थंडी मानवेल इतपत, जमीन काळी. आणि तिसरं पाणी. घोड्याला लसूणघास लागतो, रोज, हिरवा, वर्षभर, आणि या पिकाला पाण्याची भूक मोठी. आमच्याकडं वाळूजच्या कारखान्यांनाच पाणी जायकवाडीतून आणावं लागतं, तिथं घोड्यासाठी बारमाही घास कोण लावणार? एरवी घोडा या भागाला परका नाही. मलिक अंबरची फौज इथं वावरली, औरंगजेबाची वावरली, पुढं निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ औरंगाबादच्या छावणीत होतं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोडेबाजार भरतो. फक्त तो घोडा वेगळा आणि त्याची पारखही वेगळी.

जानेवारीच्या रात्री स्टड फार्मवर झोप कमीच. दिवस भरत आलेली घोडी ऐसपैस तबेल्यात हलवतात, खाली जाड काड अंथरतात. तिच्या सडांच्या टोकाशी मेणासारखे थेंब जमले की राखणदार सावध होतो. घोडी बहुतेक रात्रीच विते, तेही आसपास कोणी नाही असं वाटल्यावर. म्हणून माणसानं जागं राहायचं, पण दिसायचं नाही. ती घामाघूम होते, फेऱ्या मारते, वळून वळून स्वतःच्या कुशीकडं बघते. पाणमोट फुटली की पुढचा खेळ अर्ध्या तासाचा. गाईसारखी ताटकळत राहण्याची मुभा घोडीला नाही.

आधी पांढरट पडद्यात एक खूर दिसला पाहिजे, त्याच्या किंचित मागं दुसरा, आणि दोन्ही गुडघ्यांवर टेकवलेलं नाक. एवढं दिसलं तर कोणी हात लावत नाही. पण पांढऱ्याऐवजी मखमली लाल पडदा दिसला तर वार आधीच सुटलेली असते आणि शिंगराचा प्राणवायू तुटत असतो. तिथं डॉक्टरांना फोन लावत बसायला वेळ नसतो, जो समोर असेल त्यानं तो पडदा फाडायचा. रात्रपाळीच्या सईसाला पहिल्यांदा शिकवायची गोष्ट ही. त्याचं लिहिणं-वाचणं किती झालंय हे इथं कोणी विचारत नाही.

मग तीन तासांचा हिशेब. पहिल्या तासात शिंगरानं उभं राहायचं, दुसऱ्यात चीक प्यायचा, तिसऱ्यात घोडीची वार पडायची. पडलेली वार फेकून देत नाहीत, आधी ती फरशीवर नीट पसरतात. तिला दोन फाटे असतात, त्यांची टोकं शाबूत आहेत का ते बोटांनी चाचपून बघतात. तळहाताएवढा तुकडा जरी आत राहिला तरी घोडीला ताप चढतो आणि पुढं तिचे खूर बिघडतात. गर्भाशयातला तुकडा आणि खूर यांचा काय संबंध असं कोणालाही वाटेल. पण घोड्यात असंच असतं, पोटात बिघडलं की पायात उतरतं. चिकाचंही असंच काटेकोर. माणसाच्या बाळाला रोगप्रतिकाराची काही शिदोरी आईच्या पोटातच मिळते, शिंगराला काहीच मिळत नाही. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच, कारण त्यानंतर आतडं ते शोषत नाही. म्हणून ज्या घोडीचा चीक जास्त असतो तिचा थोडा काढून गोठवून ठेवतात, दुसऱ्या एखाद्या पोरक्या शिंगरासाठी. दुसऱ्या दिवशी शिंगराचं रक्त तपासून प्रतिकारद्रव्यं पुरेशी उतरली का ते बघतात.

शिंगरू आठवड्याचं होत नाही तोच घोडीच्या पुढच्या बाळंतपणाची तयारी. व्याल्यानंतर सात ते दहा दिवसांत ती पुन्हा माजावर येते. वर्षाला एक शिंगरू हवं असेल तर 365 वजा 340, हाताशी उरतात अवघे पंचवीस दिवस. 1 मार्चला व्यालेली घोडी मार्चअखेरीपर्यंत गाभण राहिली नाही, तर पुढचं शिंगरू मार्चअखेरीकडं सरकतं, त्यापुढचं एप्रिलमध्ये. असं घसरत घसरत शेवटी मालकाला एक वर्ष घोडी रिकामी ठेवावी लागते, म्हणजे गाडी परत जानेवारीवर येते. त्या रिकाम्या वर्षाचा चारा, चंदी, औषध सगळं बिनउत्पन्नाचं.

घोडी माजावर आली की नाही हे ओळखण्याचं काम एका दुर्दैवी नराकडं असतं. त्याला टीझर म्हणतात. त्यानं फळीपलीकडून घोडीला हुंगायचं, लाथा खायच्या, आणि घोडी राजी दिसली की त्याला तिथून हाकलून घेऊन जायचं. मग आणायचा तो किमती वळू. या उद्योगात ज्यांच्याबद्दल कोणीच लिहीत नाही त्यांत टीझरचा नंबर पहिला लागावा.

मला सगळ्यात गंमत वाटते ती भूगोलाची. याच परिसरात, पुण्यापासून तासाभरावर उरुळी कांचन आहे. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये तिथं 'बाएफ' उभी केली आणि गोठवलेल्या रेताची नळी खेड्यापाड्यांतल्या गोठ्यांत पोचवली. आज चार गाई असलेला शेतकरीही वळू पाळत नाही, डॉक्टरला फोन करतो. आणि तिथून जवळच, कोट्यवधींची जनावरं सांभाळणाऱ्या स्टड फार्मवर कृत्रिम रेतनाला सक्त मनाई! जगभरचा नियम असा की थरोब्रेड हा नर-मादीच्या प्रत्यक्ष संयोगातूनच जन्मला पाहिजे, नाहीतर स्टड बुकात नोंद नाही, आणि नोंद नाही तर शर्यत नाही. शुद्धतेचं कारण पुढं केलं जातं. पण आता प्रत्येक शिंगराची डीएनए तपासणी होते, आई-बाप कोण ते केसावरून कळतं, तेव्हा त्या कारणात फारसा दम राहिलेला नाही. खरं कारण बाजाराचं आहे. नळीतून हजारो शिंगरं काढता आली तर नामांकित वळूची किंमत एका हंगामात कोसळेल.

गाभण राहिलेल्या घोडीची चौदा-सोळा दिवसांत सोनोग्राफी होते. डॉक्टर एका गोष्टीला घाबरून असतात, जुळं. घोडीला दोन शिंगरं सहसा पेलत नाहीत, बहुधा दोन्ही जातात आणि कधी कधी घोडीही. म्हणून पडद्यावर दोन काळे ठिपके दिसले की त्यातला एक तिथंच बोटांच्या चिमटीत दाबून फोडतात. कोणता ठेवायचा हे डॉक्टर ठरवतात. त्या ठिपक्याला अजून काळीजही फुटलेलं नसतं.

मग कागद. स्टड बुकासाठी शिंगराचं चित्र काढतात. छापील आकृतीवर पांढरे डाग लाल शाईनं आणि भोवरे काळ्या फुलीनं. मानेत मायक्रोचिप जाते. भोवऱ्यांची ही नोंद बघून सारंगखेड्याचा व्यापारी हसेल. तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या त्या बाजारात घोडा घ्यायला आलेला माणूस आधी भोवरेच बघतो. देवमन हा शुभ भोवरा असेल तर भाव वाढतो, खोटा भोवरा निघाला तर देखणा घोडाही परत जातो. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी असेल तर बघायलाच नको. स्टड बुकाला भोवऱ्याच्या शुभाशुभाशी देणंघेणं नाही, तो केवळ ओळखपत्रावरच्या तिळासारखा. पण दोघंही बघतात तेच. आणि वंशावळीच्या बाबतीत स्टड बुकवाले सारंगखेड्याच्या किती पुढं आहेत हे मला ठरवता आलेलं नाही. आजच्या सुमारे 95 टक्के थरोब्रेड नरांची पितृशाखा एकाच घोड्याशी जाऊन मिळते, 1704 मध्ये सिरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडला नेलेल्या डार्ली अरेबियनशी. त्यातलीही बहुतेक त्याच्या वंशातल्या एक्लिप्समार्फत. हा एक्लिप्स 1764 च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून त्याचं ते नाव. आपल्याकडं ग्रहणात व्यालेल्या घोडीचं शिंगरू कोणी दारात ठेवलं असतं का कोण जाणे. इंग्रजांनी ठेवलं, तो एकही शर्यत हरला नाही, आणि जगातले बहुतेक शर्यतीचे घोडे आज त्याचेच वंशज आहेत.

मराठी माणसानं या खेळात नाव कमावलं ते मात्र पुण्यात नाही, थेट इंग्लंडात. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 1945 मध्ये एक वर्षाचं शिंगरू 28,000 गिनींना घेतलं. लिलावात एवढी किंमत तोवर कुणा शिंगराला मिळाली नव्हती. महाराजांनी त्याला आजोबांचं नाव दिलं, सयाजीराव. 1947 मध्ये, इकडं संस्थानं विलीन होण्याच्या वाटाघाटी चालू असताना, हा सयाजीराव तिकडं आयरिश डर्बी आणि डॉनकास्टरची सेंट लेजर जिंकत होता. मुंबईत 1943 साली झालेली पहिली इंडियन डर्बीही महाराजांच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं मारली होती. राजे-महाराजांचे तनखे गेले, घोडे उद्योगपतींकडं आले. आणि स्वातंत्र्यानंतर परदेशी घोडा सरळ शर्यतीत उतरवण्याची वाट बंद होत गेली. आयात करायची ती वळू आणि घोड्यांची, पैदाशीसाठी. पुण्याचे स्टड फार्म वाढले ते या बंदोबस्तामुळं.

मे महिन्यात फार्म रखरखीत होतं, शिंगरं आयांच्या सावलीत उभी राहतात. जून-जुलैत पाऊस आला की खुरांत कुजट वास धरतो, कातडीला बुरशी येते, माश्या येतात, पोटशूळ येतो. या दिवसांत नालबंद आणि डॉक्टर दोघांनाही उसंत नसते. गाभण घोड्यांना पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात गर्भपाताच्या रोगाविरुद्ध लस द्यावी लागते, तिचा तक्ता भिंतीवर असतो. पाच-सहा महिन्यांची झाली की शिंगरं आयांपासून तोडतात, आणि दोन-तीन रात्री फार्मवर नुसती खिंकाळ्यांची झुंबड उडते. मग शांत होतात. जनावर विसरतं की सोडून देतं, कोण सांगणार?

याच दिवसांत पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगाम चालू असतो. नोव्हेंबरात घोडे गाड्यांत घालून द्रुतगती महामार्गानं महालक्ष्मीला नेतात, उन्हाळा संपता संपता परत आणतात. डर्बी फेब्रुवारीत, चार वर्षांच्या घोड्यांची.

इथं या धंद्याचं खरं दुखणं सुरू होतं. 2021 च्या वसंतात, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, पुण्याच्या फार्मवर घोड्या वळूला दाखवल्या जात होत्या. रेसकोर्स ओस पडले होते. पण घोडीचा माज टाळेबंदी पाळत नाही, आणि एक हंगाम चुकला तर पूर्ण वर्षाची शिंगरं नाहीत. त्या वेळी राहिलेली शिंगरं 2022 च्या सुरुवातीला जन्मली. त्यांची डर्बी 2026 च्या फेब्रुवारीत. पाच वर्षं. या पाच वर्षांत सरकारनं खेळाचे नियम बदलले. 2017 पासून पैजेवर 28 टक्के जीएसटी होता. ऑक्टोबर 2023 पासून तो पैजेच्या पूर्ण रकमेवर घ्यायचा हे कायद्यानंच पक्कं झालं, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून दर 40 टक्क्यांवर गेला.

पूर्ण रकमेवर म्हणजे काय ते समजून घेतलं पाहिजे. समजा एक माणूस शंभर रुपये घेऊन टोटच्या, म्हणजे रेसकोर्सवरच्या अधिकृत पैजेच्या, खिडकीवर गेला, जिंकला, मिळालेले पैसे पुढच्या शर्यतीला लावले, परत जिंकला, परत लावले. पैसा तोच फिरतोय, पण प्रत्येक पैज नवी धरून प्रत्येक वेळी पूर्ण रकमेवर कर. दोन-तीन फेऱ्यांत त्याच्या लक्षात येतं की बाहेर पानटपरीमागं उभा असलेला बुकी यातलं काहीच कापत नाही. खिडकीवरची रांग पातळ झाली की क्लबचं उत्पन्न घटतं, बक्षिसाची रक्कम घटते, मालक नवा घोडा घेताना हात आखडता घेतो. मग महालक्ष्मीच्या लिलावात हातोडा लवकर पडतो, आणि शेवटी ही सगळी घसरण येऊन थांबते घास पिकवणाऱ्या शेतकऱ्यापाशी, सईसापाशी, नालबंदापाशी.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मला लहान वाटत नाही. रेसच्या नादानं मोडलेली घरं मुंबईच्या गिरणगावानं पाहिली आहेत, आमच्या वाळूजमध्येही पगाराच्या दिवशी आकडा लावणारे आहेतच. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला. पण खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाकडं कौशल्य नसतं, टीप असते. यावर कर असावा, जबर असावा, याबद्दल माझं दुमत नाही. तक्रार वेगळी आहे. एका रात्रीत बदलणारा नियम आणि पाच वर्षं आधी पेरावं लागणारं पीक यांचा मेळ कोणी घालून दिलेला नाही. जमिनीचंही तेच. मद्रासच्या गिंडी रेसकोर्सची जमीन तमिळनाडू सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये ताब्यात घेतली. महालक्ष्मीच्या 211 एकरांपैकी 120 एकरांवर सार्वजनिक उद्यान होणार हेही त्याच वर्षी ठरलं. मुंबईकराला मोकळी जागा मिळणं रास्तच आहे. मात्र ज्या शिंगरांसाठी ही धावपट्टी होती ती तोवर जन्मून दोन वर्षांची झाली होती.

धावून झालेल्या घोड्यांचं काय, हा प्रश्न या उद्योगाला आवडत नाही. थोड्या घोड्या पैदाशीसाठी परत येतात, एखाद-दुसरा नर वळू होतो, काही घोडे रायडिंग क्लबांत जातात. बाकीच्यांचा माग लागत नाही. पूर्वी एक वाट होती, पूनावालांचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याला विषाचा थोडा थोडा डोस टोचायचा, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली की रक्तरस काढून औषध बनवायचं. आपलेच घोडे देऊन आपण औषध दुसऱ्याला का बनवू देतो, या विचारातून सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. करोनाची लस देशभर पोचवणारा कारखाना मुळात तबेल्यातून निघाला आहे. सर्पदंशावरचं औषध आजही घोड्याच्याच रक्तातून येतं, हाफकिनचे घोडे पिंपरीला आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालणारी ती कुपी. वाळूज-गंगापूरच्या शेतात ऊसतोडीत कुणाला घोणस चावली आणि त्याला घाटी रुग्णालयात आणलं, तर त्याच्या शिरेत जातं ते एखाद्या घोड्यानं विष सोसून दिलेलं औषध. तो घोडा थरोब्रेडच असतो असं नाही, बहुतेकदा साधाच असतो. घोडदौडीच्या एकाही चषकावर त्याचं नाव नसतं.

दिवाळी उलटली की फार्मवर पुढच्या हंगामाची यादी करायला बसतात. कोणती घोडी कोणत्या वळूला, कोणती रिकामी ठेवायची, कोणती विकायची. 2026 च्या फेब्रुवारीत दाखवलेली घोडी 2027 च्या जानेवारीत विईल, तिचं शिंगरू 2029 मध्ये धावायला लागेल आणि 2031 च्या फेब्रुवारीत, तोवर महालक्ष्मीची धावपट्टी आणि टोटची खिडकी शिल्लक असेल तर, डर्बीला उभं राहील. चाळीस टक्क्यांचा आकडा समोर ठेवून यादी करणारा मालक दहा घोड्यांऐवजी सात दाखवतो. उरलेल्या तिघींची कुठंच बातमी होत नाही. शर्यतीला घोडे कमी का उतरले, असं 2031 मध्ये कोणी विचारलं, तर उत्तर 2025 च्या डिसेंबरातल्या वहीत मिळेल.